पंखवाल्या राजाचं पारायण

नातीने आणलेलं ते पुस्तक वाईट होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी विकत घ्यायला धावायला नको. पण ते मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मोठ्याने, बायांसमोर.

नात अमरावतीला खोली करून शिकते. मोबाइलवर सगळ्या पोरींनी डोक्यावर घेतलं म्हणून तिने ते जाडजूड पुस्तक घेतलं आणि साठाव्या पानावर सोडून दिलं. उन्हाळ्यात अंजनगावला घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, रद्दीत टाक. लय बोअर हाय." त्यात पंख असलेला एक राजा होता, गरीब घरची एक मुलगी होती आणि त्या दोघांचं प्रेम होतं. कुठल्याशा परक्या भाषेतून मराठीत आणलेलं. अक्षर मोठं होतं. मला तेवढंच हवं होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरी श्रावणात पोथी वाचतात, आळीतल्या बाया ऐकायला येतात. वाचायचा मान मोठ्या जावेचा. माझ्या लग्नानंतर काही वर्षांनी तिला ताप आला, म्हणून एक दिवस मी बसले. जोडाक्षर आलं की मी अडखळत होते. थोड्या ओव्या झाल्या असतील, तोच जाऊ अंथरुणातून उठून आली, माझ्या पुढ्यातली पोथी उचलली आणि म्हणाली, "राहू दे. तू काय म्हणून राहिली ते देवालेबी समजून नाई राह्यलं." बाया हसल्या. त्यानंतर मी पोथीला हात लावला नाही. आता सत्तरी उलटली. मरायच्या आधी एकदा तरी न अडखळता पोथी वाचायची, एवढं मनात होतं. पण पोथीवरच सराव करायची लाज वाटे. राजावर केला तर कोणाचं काय जातं?

मोठ्याने वाचायची मला एकच रीत माहीत. हातपाय धुतले, पाट मांडला, पुस्तक त्यावर ठेवलं, बाजूला उदबत्ती लावली आणि डोक्यावर पदर घेऊन बसले. सून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. तिने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा उदबत्तीकडे, आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली.

वास आणि सूर भिंतीपलीकडे गेले. दुसऱ्या दुपारी शेजारच्या दोघी आल्या. एकीच्या हातात वाटीभर साखर, प्रसादाला. तिसऱ्या दुपारी स्वतः जाऊ आली. ती पलीकडच्या घरात राहते, पंच्याऐंशीची आहे, कान मात्र शाबूत. आली ती वाकून पुस्तकाला नमस्कार करूनच बसली. मी वाचत होते की राजाने पंख मिटले आणि तो तिच्या केसांकडे पाहत राहिला.

"कोनता देव वं हा?" जाऊ म्हणाली.

"देव नाई. राजा हाय. पंखवाला."

"अन् मी नमस्कार केला!"

"केला त केला. राजाच हाय."

वाटलं, आता ही उठून जाईल. गेली नाही. पाट मांडून, उदबत्ती लावून सुरू केलेलं वाचन आमच्याकडे अर्ध्यात मोडत नाहीत. ते कशाचं आहे, हा प्रश्न नंतरचा. साखर आलेली होती, नमस्कार झालेला होता.

"आता बसली त समाप्ती कर," जाऊ म्हणाली. "पाहू दे किती अडखळतं तू." तिने सुनेचं तुरी निवडायचं सूप पुढ्यात ओढलं. मी अडखळले की तुरीचा एक दाणा बाजूला. पहिल्या दिवशी मूठभर झाले.

त्या पुस्तकाची चाल काय सांगू! चार दुपारी राजा सज्ज्यातच उभा होता. मुलगी जिना चढत होती, आणि पायरीपायरीला तिला आई आठवायची, तळं आठवायचं, तळ्यातलं चांदणं आठवायचं. बाया भाजी निवडता निवडता वैतागल्या.

"पंख हाय त उडत काहून नाई तो?"

"हात तरी धरला का तिचा?"

"नाई. पाहूनच राह्यला," मी म्हटलं.

"एवढ्या वेळात मले दोन पोट्टे झाले होते," शेजारीण म्हणाली.

जाऊ हसली नाही. तिचं लक्ष दाण्यांवर. पुस्तक रटाळ होतं याचा मला फायदाच झाला. पुढे काय होतं याची घाई नाही, त्यामुळे प्रत्येक शब्द पुरा म्हणता येई. शिवाय 'स्पर्श', 'निःश्वास', 'ज्योत्स्ना' हे शब्द पानोपानी. पहिल्या आठवड्यात एकट्या 'ज्योत्स्ने'पायी माझे किती दाणे गेले! तिसऱ्या आठवड्यात तो शब्द मी झाडावरची मिरची तोडावी तसा तोडत होते.

शेजारणी एकेक करून गळल्या. राजाने हात धरला त्या दुपारी ऐकायला फक्त सून आणि जाऊ.

"धरला एकदाचा!" सून म्हणाली.

"वाच पुढं," जाऊ म्हणाली.

समाप्तीला मात्र सगळ्या परत आल्या. चौदा पानं उरली होती. घसा कोरडा पडला तरी मी थांबले नाही. शेवटी राजा उडाला, तोही एकटाच, आणि खाली छापलं होतं की उरलेली गोष्ट दुसऱ्या भागात. बाया भडकल्या.

"भैताड बनवलं आपल्याले!"

मी जावेच्या पुढ्यात पाहत होते. सुपाबाहेर एकही दाणा नव्हता.

"यंदा पोथी मले वाचाची हाय," मी म्हटलं. विचारलं नाही, सांगितलं.

जावेने सुपातल्या तुरीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "वाच. एवढं रटाळ वाचूनबी आवाज नाई बसला तुहा. देवाची गोष्ट त भरभर चालते."

श्रावणात मी बसले. ओसरी भरली होती. जावेला पोथी पाठ आहे. पहिला अध्याय ती भिंतीला टेकून माझ्याबरोबर ओठ हलवत होती, मी कुठे चुकते याची वाट पाहत. मी चुकले नाही. दुसऱ्या अध्यायाला तिने ओठ हलवायचे सोडले आणि ती ऐकायला लागली.