तेलाच्या विहिरी ऐकणारे भाऊजी

"थांबा वहिनी. मुळापासून सांगतो."

असं म्हणत आमचे भाऊजी उजवा तळहात असा उभा धरायचे की चौकातला ट्रकसुद्धा थांबावा. समोरचा माणूस तर थांबायचाच, आणि एकदा थांबला की त्याची सुटका नव्हती. तुम्ही नुसतं विचारायचं, "काय भाऊजी, कधी आले?" उत्तर सुरू व्हायचं ते जमिनीखाली तेल कसं तयार होतं तिथून.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्याकडे तो शेजारीच होता. आंधळगावात आमचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. आमचे हे जळालेल्या मोटारींना नवी तार भरतात, मी गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळते. भाऊजी नात्याने कोणी नव्हेत, पण ह्यांच्याहून लहान, म्हणून मी त्यांची वहिनी. महिनाभर ते तिकडे वाळवंटात तेलाच्या विहिरींवर असायचे आणि महिनाभर आमच्या दुकानातल्या बाकावर.

त्यांचं काम काय होतं, ते मला तोंडपाठ आहे. एक अख्खा उन्हाळा मी ते रोज ऐकलं आहे. तेलाच्या विहिरीत पोलादी नळी उतरवतात. तिला लागून कोशाच्या रेशमी धाग्यासारखा बारीक काचेचा धागा पार तळापर्यंत सोडायचा. वरून त्यात लेझरचा उजेड मारायचा. तो उजेड खाली जाताजाता जागोजागी थोडा थोडा परत फिरतो. जमिनीत कुठे खरखर झाली, कुठे तापलं, कुठे गार पडलं, की तिथून परत येणारा उजेड जरासा बदलतो. किती वेळाने आला त्यावरून गडबड किती खोल आहे ते कळतं. मग नळीमागून गॅस गळत असो की आत वाळू घुसत असो, वर भाऊजींच्या पडद्यावर रंगीत पट्टा उमटतो.

"म्हणजे अख्खी विहीरच कान?" मोटार घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं.

"हौ! डोक्यापासून पायापर्यंत कान," भाऊजी खूश होऊन म्हणाले. "बाकी कोणाच्या ध्यानात नाही आलं आतापर्यंत. तुमी बसा, मुळापासून सांगतो."

त्या शेतकऱ्याची मोटार केव्हाच तयार झाली होती.

एकदा त्यांच्या पडद्यावर एक विचित्र आवाज यायला लागला. खर्र, खर्र, मग शांत, पुन्हा खर्र. भाऊजींनी वर कळवलं. गळती असेल, नळी घासत असेल, जमीन सरकत असेल, असे ज्याचे त्याचे अंदाज सुरू झाले. मोठे साहेब गाडी करून आले. डोक्यावर टोप्या चढवून सगळे विहिरीपाशी पोहोचले, तर तिथे एक उंट विहिरीच्या तोंडावरच्या लोखंडाला पाठ घासत उभा होता. डोळे मिटून, अगदी समाधानात.

"मंग? साहेब रागावले?" मी विचारलं.

"रागावले न. पण वहिनी, यंत्र खोटं नाही बोललं. आवाज होता म्हणजे होता."

गावाला मात्र यंत्राबिंत्राशी देणंघेणं नव्हतं. हा माणूस विहिरी ऐकतो, एवढंच लोकांना कळलं होतं. एका गृहस्थांनी त्यांना घरच्या कोरड्या बोअरवर नेलं. भाऊजी आधी नाही नाही म्हणाले, यंत्र तिकडे आहे म्हणाले. पण शेवटी मोह झालाच. बोअरच्या पाइपाला कान लावून बसले. बऱ्याच वेळाने तळहात उभा केला. "हाय. खाली काहीतरी हालून राह्यलं." घरात आनंदीआनंद. तेवढ्यात शेजारची पीठगिरणी बंद झाली आणि खालचं हालणंही थांबलं. तरी त्या घरच्या बाईने त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

हसण्यावारी जायचं सगळं. पण एका बाबतीत त्यांच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. भाऊजींचं लग्न जमत नव्हतं. दिसायला चांगले, व्यसन नाही, नोकरी पक्की. तरी पाहुणे येत आणि उठून जात.

दिघोरीला मुलगी पाहायला गेलो तेव्हा मीही सोबत होते. मुलीचे वडील धानाचे शेतकरी, मोजकं बोलणारे. त्यांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

भाऊजींची आई म्हणाली, "तेलाच्या कंपनीत हाय."

"जवसाचं का सोयाबीनचं?"

मी मनात म्हटलं, आता गेलं. आणि गेलंच. भाऊजींनी तळहात उभा केला. "थांबा मामा, मुळापासून सांगतो." समोरचा पाण्याचा गिलास त्यांनी जवळ ओढला. ही विहीर. चिवड्याच्या ताटलीतून एक लांब शेव निवडली. हा काचेचा धागा. शेव पाण्यात सोडली आणि वरून मोबाइलचा टॉर्च लावला. शेव फुगली, मऊ झाली आणि विहिरीच्या तळाशी जाऊन बसली. "हे असं तिकडे होत नाही," भाऊजी घाईघाईने म्हणाले, आणि दुसरी शेव शोधू लागले.

चार दिवसांनी निरोप आला: पोरगा चांगला हाय, पण पाण्यात शेव घालते.

त्यानंतर आईने मला बाजूला घेतलं. "तूच सांग त्याले. पोट्टी पाहाले गेला का तोंड बंद ठेव मनावं."

मी सांगितलं. भाऊजींनी मान डोलावली. "बरोबर हाय वहिनी. आता मी फक्त विचारलं तेवढंच सांगीन."

मग गोसीखुर्दकडचं स्थळ आलं. त्यांचं जुनं गाव धरणात गेलं होतं, नव्या वस्तीत घर होतं. वडिलांचं रस्त्याकडेला मासोळीचं दुकान, मुलगी घरी शिवणकाम करायची. मे महिना होता. वडीलधाऱ्यांचं बोलणं झालं, आणि मुला-मुलीला दोन शब्द बोलू द्या म्हणून आम्ही सगळे पडवीत जाऊन बसलो. आत मोठा कूलर घरघरत होता. खिडकीतून मला दिसत होतं. मुलीने काहीतरी विचारलं असावं, कारण भाऊजींचा तळहात वर गेला.

मी कपाळाला हात लावला.

किती वेळ बोलले, देव जाणे. हात वर गेले, खाली गेले, विहीर झाली, धागा झाला, उंटही झाला असावा, कारण मध्येच ते खुर्चीच्या पाठीला पाठ घासून दाखवत होते. मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मधूनमधून मान डोलावत होती. एकदा तर हसली.

घरी पोहोचायच्या आत फोन आला. मुलीचा होकार आहे.

आईने देवापुढे साखर ठेवली. भाऊजी मला म्हणाले, "पाह्यलं वहिनी? समजणारं माणूस भेटाले पाह्यजे फक्त."

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली. साडी घ्यायला मुलगी मावशीला घेऊन आमच्या गावी आली, कारण कोशाची साडी घ्यायची तर ती आंधळगावातच. दुकानात मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. म्हटलं, "अवो, हा रंग पाहा." तिने पाहिलं नाही. पुन्हा म्हटलं. तिच्या मावशीने मागून तिला हळूच चिमटा काढला आणि ती दचकून माझ्याकडे वळली.

मावशी दुकानदाराशी घासाघीस करायला उठली तशी तीच मला म्हणाली, "वहिनी, मले डाव्या कानानं आयकू येत नाही. लहानपणी तापात गेला. मावशी म्हणते लगनानंतर सांगू. मले नाही पटत ते. तुमी सांगून द्या त्यायले."

मी संध्याकाळीच सांगितलं. आई आणि भाऊजी दोघंही अंगणात बसले होते.

आईचा चेहरा उतरला. "आयकू न येणारी सून? अन् हा असा! याचं त कामच आयकायचं. लोक काय म्हणतीन?"

भाऊजींचा तळहात मांडीवर तसाच होता. त्यांना असं गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "माय, धागा कधी कधी मधातच तुटते. मंग आमी काय करतो मालूम हाय? दुसरं टोक वर आणलेलं असते, तिकडून उजेड..."

"मले नको सांगू धागा!" आई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानात आले आणि ह्यांना म्हणाले, "दादा, गाडी पाह्यजे. वहिनीले बी घेऊन जातो. गोसीखुर्दले जाऊन येतो." ह्यांनी गाडीतल्या मोटारी उतरवून किल्ली दिली. वाटेत भाऊजी एक शब्द बोलले नाहीत. पवनीला चहा प्यायलो, तिथेही नाही. मी दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना?

पोहोचलो तेव्हा वीज गेलेली होती आणि कूलर बंद होता. मुलगी उजेडासाठी दाराशी मशीन ओढून ब्लाउज शिवत होती. आम्हाला पाहून तिने पाय थांबवला. तिच्या वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. मोडायलाच आले, असं त्यांना वाटलं असणार. मासोळीचे हात धुवायचेही विसरून ते तसेच दारात उभे राहिले.

भाऊजी तिच्यासमोर खुर्चीवर बसले. "त्या दिवशी मी एवढं बोललो. त्यातलं काय काय आयकू आलं?"

ती खरं तेच बोलली. "कूलर."

"काहीच नाही?"

"डाव्या बाजूनं तुमी होते, उजवीकडून कूलर. मी 'कामावर जेवाचं कसं करता' असं विचारलं होतं. मंग तुमी सुरूच झाले."

मला हसू दाबवेना. भाऊजी मात्र गंभीर होते. "मंग तुमी हो काहून म्हटलं?"

तिने हातातला ब्लाउज मांडीवर ठेवला. "लोक माह्याशी दोन शब्द बोलते. मी 'आँ?' म्हटलं का जाऊ दे म्हणते अन् दुसऱ्याशी बोलाले लागते. शाळेत बी तसंच, इथं बी तसंच. तुमी सोडूनच नाही राह्यले. मले वाटलं, हा माणूस मले जाऊ दे म्हणणार नाही."

वडिलांनी खांद्यावरच्या गमछ्याने तोंड पुसलं.

भाऊजी उठले. खुर्ची उचलली, मशीनला वळसा घातला, तिच्या उजव्या हाताला खुर्ची मांडली आणि नीट बसले. मग तळहात वर गेला.

"थांबा. मुळापासून सांगतो."

त्यांनी सगळं सांगितलं. समुद्र, गाळ, तेल, नळी, काच, उजेड. मासोळी घ्यायला आलेले दोघेतिघे पिशव्या घेऊन उभे राहिले, मग तेही बसले. ती ब्लाउजला हूक लावत ऐकत होती. उंटापाशी ती एवढी हसली की सुई हातातून पडली. सगळं संपलं तेव्हा तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली,

"म्हणजे विहिरीत काच सोडता, तिले उजेड दाखवता, अन् उजेड हालला का तुमी घाबरता. एवढंच न?"

भाऊजींचं तोंड उघडं राहिलं. इतक्या वर्षांचं मुळापासूनचं सगळं तिने एका दमात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"हौ," ते म्हणाले. "एवढंच."

"आता सांगा, जेवाचं कसं करता?"

येताना गाडीत ते बोलत राहिले, थेट आंधळगावापर्यंत. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

राहिली होती आई. मी तिला गोसीखुर्दचा सगळा प्रसंग सांगितला. मशीन, खुर्ची, कूलर, सगळं. ती तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, "म्हणजे याचं बोलणं नको वाटलं का ते पोट्टी डावीकडून बसवू शकते याले?"

"हौ."

"मले त तशी सोय नव्हती." तिने सूप खाली ठेवलं. "बरं झालं बापा. घरातला एक कान त सुखात राहीन."

लग्न जोरात झालं. वरातीत डीजेची गाडी नवरीच्या डाव्या बाजूनेच चालली पाहिजे म्हणून भाऊजी घोड्यावरून हातवारे करत होते. डीजेवाल्याने "काहून?" असं विचारलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या डीजेवाल्याला वाचवलं, नाहीतर वरात घरी पोहोचली नसती.

महिन्याभराने ती दोघं वाळवंटातल्या वसाहतीत राहायला गेली. आता ती तिथे ब्लाउज शिवते, साहेबांच्या बायका रांग लावतात, असं आईकडून कळलं. नंतर आईलाही त्यांनी तिकडेच नेलं. शेजारच्या दाराला कुलूप आहे. भाऊजींचा फोन येतो, पण तिथली रेंज अशी की दुसऱ्या वाक्यालाच तुटतो.

आमच्या दुकानातलं गिऱ्हाईक आता येतं, मोटार उचलतं आणि जातं. बाकावर कोणी बसत नाही. आम्ही उजेडातच दुकान बंद करतो, घरी जाऊन एकमेकांकडे बघत बसतो. परवा ह्यांना काय वाटलं कोण जाणे, दुकानासाठी एक रेडिओ घेऊन आले. दुपारी लावला. बातम्या सुरू झाल्या. हे हातातलं काम बाजूला ठेवून बाकाकडे तोंड करून बसले. बातम्या संपल्या, गाणं लागलं.

हे रेडिओकडे पाहतच राहिले. म्हणाले, "लय लवकर आटोपल्या वो यायनं बातम्या."