ब्लेड्सचा तराजू

क्लिफर्ड डाऊस दुकानातून पाव आणला की आधी तळहातावर तोलून बघायचा. बत्तीस वर्षं वजनमापांचा इन्स्पेक्टर म्हणून काढलेली. माणूस निवृत्त झाला तरी हात झाला नव्हता. इंग्लंडातल्या लिंकनशरच्या किनाऱ्याजवळचं स्कार्फलीट हे त्याचं गाव. चौकात बुधवारी आणि शनिवारी बाजार भरायचा, आणि त्या बाजारातला एकही भाजीवाला त्याच्याशी धड बोलत नव्हता. कारण वॉल्टर ब्लेड्स.

दोन हजार एक सालची गोष्ट. सुट्या मालाला पौंड-औंस बंद, किलो-ग्रॅमच चालेल, असा हुकूम आला होता. नियम ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, सही लंडनची आणि घोंगडं क्लिफर्डच्या गळ्यात. बाकीच्यांनी कुरकुरत नवे काटे घेतले. वॉल्टर अडून बसला. "आमच्या आजाने पौंडात बटाटा विकला, मीही पौंडातच विकणार. ब्रुसेल्सला बटाटे हवेत तर या म्हणावं, रांग लावा." तीन नोटिसा झाल्यावर क्लिफर्ड पोलीस घेऊन गेला आणि भर बाजारातून त्याचा तराजू, वजनं उचलून आणली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली 'ब्रुसेल्सचा चाकर'. वॉल्टरला दंड झाला, तराजू, वजनं परत मिळाली, पण दोन वर्षांत तो हृदयविकाराने गेला. तराजूच्या धसक्याने गेला, असं गाव म्हणायला लागलं. पुढे त्याची बायको एनिड भाजीचं दुकान मांडायला लागली. क्लिफर्ड समोरून गेला की शेजारणीला मोठ्याने म्हणायची, "झाक गं टोपली, नजर लागेल."

क्लिफर्डने कधी उलट उत्तर दिलं नाही. एक गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. जप्तीनंतर कचेरीत त्याने वॉल्टरचं एक पौंडाचं वजन उचललं आणि हात चपापला. उलटं करून पाहिलं, तर बुडातलं शिसं खरवडून काढलेलं. सोळा औंसांच्या पौंडामागे औंसभर खोट. किलोच्या गुन्ह्याला नुसता दंड होता. मापात पाप म्हणजे बाजारातून कायमचं उठणं. क्लिफर्ड बराच वेळ त्या वजनाकडे बघत बसला, आणि अहवालात त्याबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नाही.

तेरा वर्षांनी, मे महिन्यातल्या एका सकाळी, त्याचं दार वाजलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती; दार वाजवणारं कोणी उरलं नव्हतं. त्याने साखळी न काढता फटीतून विचारलं, "काय विकताय?"

"विकत काही नाही, मत मागतेय." बाईच्या कोटावर युरोपातून बाहेर पडा म्हणणाऱ्या नव्या पक्षाचा बिल्ला होता. "मी शीला कटफोर्थ. शाळेत जेवण वाढायचे. तुमच्या पोरीला मटार मीच वाढलेत. खिशात भरून न्यायची ती."

हे खरं होतं. म्हणूनच क्लिफर्डला जास्त संशय आला. तरी त्याने साखळी काढली.

शीला तासभर बसली. चहा प्याली, प्लमब्रेडचे, त्या मनुका घातलेल्या गोड पावाचे, दोन तुकडे खाल्ले, त्याच्या गुडघ्याची विचारपूस केली. डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, इस्पितळाची बस बंद झाली, डबाबंद मटारचा कारखाना गेला, हे सगळं त्याने सांगितलं आणि तिने ऐकलं. अठरा वर्षांत कुठल्याच पक्षाचं माणूस या घरात बसलं नव्हतं. क्लिफर्ड मात्र वाट बघत होता, हिच्या पोटातलं ओठावर कधी येतंय याची.

"ज्या युरोपच्या संसदेतून बाहेर पडायचं म्हणता, तिथेच निवडून जायला मतं कशाला हवीत?"

"अहो, बिळात हात घातल्याशिवाय घूस निघते का?"

त्याला हसू फुटलं, आणि हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला. "आणि शेतावर कोबी कापणारी लिथुआनियाची माणसं? त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"काही नाही. माझ्या शेजारीच राहतात. पडलेलं कुंपण उभं करून दिलं त्यांनी." शीलाने कप खाली ठेवला. "पण गाव एवढं बदललं, तर आधी मला कोणी विचारलं? तुम्हाला विचारलं होतं का, पौंड बंद करताना?"

क्लिफर्डलाही कोणी विचारलं नव्हतं. सरकारी खाकी पाकीट आलं होतं, एवढंच. पौंडातच वाढलेल्या माणसाला त्या पाकिटाचा केवढा राग आला होता, हे त्याला पहिल्यांदाच कोणापुढे तरी आठवलं.

मग शीला म्हणाली, "शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये सभा आहे. ब्लेड्सचा तराजू मंचावर ठेवणार आहोत, एनिडने होकार दिलाय. तुम्ही फक्त चूक झाली म्हणा आणि तिच्याशी हात मिळवा."

"हां," क्लिफर्ड म्हणाला. "म्हणजे चहा यासाठी होता."

"चहा तुमचाच होता, डाऊस साहेब," शीला म्हणाली आणि उठली.

शनिवारी तो तासभर आधीच हॉलवर पोचला. मंचावर टेबल, त्यावर कापड, त्यावर लखलखीत घासलेला तराजू. शेजारी वजनं ओळीने मांडलेली. त्याने पौंडाचं वजन उचलून उलटं केलं. बुडाची खळगी तशीच होती.

"पवित्र वस्तू आहे ती, सांभाळून!" मागून आवाज आला. उमेदवार मायल्स हॅरोबी. दक्षिणेकडचा माणूस, पण पायात शेतकऱ्याचे बूट, आणि त्या बुटांना चिखलाचा ठिपका नाही. क्लिफर्डने त्याला वजनाचं बूड दाखवलं आणि खोट सांगितली.

हॅरोबीने नीट ऐकलं आणि मोकळेपणी हसला. "एक औंस? साहेब, लोक इथे बटाटे घ्यायला येत नाहीत. हे आपल्या दोघांतच राहू द्या." त्याने क्लिफर्डच्या खांद्यावर थाप मारली आणि खुर्च्या मोजायला निघून गेला.

"तिघांत," कोणीतरी म्हणालं.

दाराशी एनिड उभी होती. ती मंचाजवळ आली आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "मोठं सुपरमार्केट उघडलं ना, त्या हिवाळ्यात खरवडलं त्याने. मला माहीत होतं. आणि तुला कळलंय हेही माहीत होतं. न कळणारा माणूस नव्हेस तू. रोज वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल. का नाही बोललास?"

"एक दंड पुरे वाटला."

"आणि मी तेरा वर्षं तुला शिव्या देत राहिले."

"तू शिव्या दिल्या नसत्यास तर लोकांना वजनाचा संशय आला असता," क्लिफर्ड म्हणाला.

एनिडने पर्समधून रुमाल काढला आणि उगीचच तराजूचं पारडं पुसलं.

हॉल भरला. हॅरोबीने वॉल्टरची गोष्ट अशी सांगितली की मागच्या ओळीतल्या बायका डोळे टिपू लागल्या. मग क्लिफर्डला वर बोलावलं. तो म्हणाला, "तराजू मीच उचलला. हुकूम द्यायच्या आधी मला कोणी विचारलं नाही. पण मीही कोणाला 'का?' असं विचारलं नाही. ती चूक माझी." औंसाबद्दल तो बोलला नाही. एनिडने हात पुढे केला आणि दोनशे माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. तेरा वर्षं ज्यांनी तोंड फिरवलं होतं, तीच ही माणसं. क्लिफर्डच्या छातीत ऊब भरली. ही ऊब इतकी पटकन कशी आली, असा संशयही त्याच वेळी आला. पण ऊब काही गेली नाही.

मतदानाच्या दिवशी त्याने स्वतःचं पेन नेलं. फुली मारायला तिथे ठेवलेल्या, खोडता येणाऱ्या पेन्सिलीवर कोण विश्वास ठेवणार! पडद्याआड तो इतका वेळ उभा राहिला की बाहेरची बाई खाकरली.

निकालात नवा पक्ष गावात पहिला आला आणि हॅरोबी निवडून गेला. त्यानंतरच्या शनिवारी क्लिफर्ड एनिडच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिला. कोणी टोपली झाकली नाही.

"मी नाही दिलं त्यांना मत," कोबी निवडता निवडता एनिड हळूच म्हणाली.

"अगं, तुझ्याच तराजूवर निवडून आला तो!"

"खोट कळली तरी हसला, ऐकलं मी. वॉल्टरने वजन खरवडलं, पण त्यानंतर त्याला कधी शांत झोप लागली नाही. ह्या माणसाला लागते." तिने वर बघितलं. "तू कोणाला दिलंस?"

"त्यांनाच."

"त्याला ओळखूनसुद्धा?"

"त्याला नाही दिलं. शीलाकडे बघून दिलं. ती घरी आली होती."

"पण शीला निवडणुकीला कुठे उभी होती, क्लिफर्ड?"

मागून एक गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, मतमोजणी झाली ना? आता गाजरं द्या!"

क्लिफर्ड बाजूला सरकला, पण गेला नाही. गर्दी ओसरली की एनिडला काय उत्तर द्यायचं, ते जुळवत दुकानाच्या कडेला उभा राहिला.