बंबाचा कॅमशाफ्ट

"आधी हात लाव, मग तोंड उघड."

भाऊंचं हे वाक्य आमच्या ट्रान्सपोर्ट वर्कशॉपमध्ये प्रत्येकानं एकदा तरी ऐकून घेतलेलं होतं. एखादा नवा इंजिनिअर गाडीपासून चार हात लांब उभा राहून पुस्तकातली कारणं सांगू लागला, की भाऊ त्याचं मनगट धरून त्याचा पंजा सरळ इंजिनावर टेकवायचे. इंजिन तापलेलं असेल तर साहेब उडी मारायचे. भाऊ हसायचे नाहीत. "आता सांगा," म्हणायचे.

मी तेव्हा भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. पुण्याहून आलेला, मराठी फार शुद्ध आणि हिंदी फार अशुद्ध. भाऊ वर्कशॉपचे हेड मिस्त्री, मूळचे वर्ध्याकडचे. हिंदी माणसं त्यांना उस्ताद म्हणत, कॉलनीतली मराठी माणसं भाऊ. पहिल्या दिवशी मी त्यांना "आपण कुठले?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी उभं आहे की काय म्हणून. मग म्हणाले, "आपण-बिपण कायले बे? भाऊ म्हण." तेव्हापासून मी 'अबे' झालो. त्या परक्या गावात मला इतक्या जवळिकीनं दुसरं कोणी हाक मारत नव्हतं.

मला मुलगी झाली तेव्हा त्यांनी पितळेचा खुळखुळा करून आणला. आत बेअरिंगच्या गोळ्या. आवाज छान होता, पण वजन असं की माझ्या बायकोलाही तो दोन हातांनी धरावा लागे. "जरा जड झाला का?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "नाही भाऊ, मोठी झाली की वाजवेल." त्यांना ते पटलं.

तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल, ज्याला लोखंडातलं कळतं आणि माणसांतलं फारसं कळत नाही. आपण त्याचं कौतुक करतो. वेळ आली की त्याच्या बाजूनं उभे राहतो का, ते ज्यानं त्यानं आपलं आपल्याला विचारावं.

आमच्या टाउनशिपचा आगीचा बंब जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेला होता. एका जानेवारीत तो चढावर दम टाकू लागला, म्हणून भाऊंनी इंजिन पूर्ण उघडलं. बाकी सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं, पण कॅमशाफ्ट गेला होता. इंजिनाच्या पोटात हा एक लांब दांडा असतो, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. ते फिरतात तसे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. आमच्या दांड्यावरचे उंचवटे झिजून जवळजवळ गोल झाले होते. त्या इंजिनाचं उत्पादन कधीच बंद झालेलं. दुसरा कॅमशाफ्ट आणायचा कुठून?

एका रविवारी भाऊ माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, करोंदला गेलो. मंडीच्या मागे धान्याचे जुने ट्रक दुरुस्त करणारा एक म्हातारा त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं तेलाच्या पत्र्याच्या डब्यातून चार जुने कॅमशाफ्ट काढून पोत्यावर ठेवले. दोन चकचकीत, एक बरा, एक काळाकुट्ट. मी चकचकीत उचलला. भाऊंनी तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

मग त्यांचं सुरू झालं. एकेक दांडा काचेच्या तुकड्यावर लोळवून तो वाकलेला आहे का पाहिलं. एकेक उंचवटा मोजला. ओतीव आकडे वाचले. शेवटी खिशातून लहानशी कानस काढून उंचवट्याच्या कडेला हलकेच घासली. चकचकीत दांड्यावर कानस रुतली. काळ्यावर ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

"पाह्य," ते म्हणाले, "पाणी चांगलं दिलेलं आहे याले. रुतली म्हणजे लोखंड नरम. नरम दांडा वर्षभरात खाल्ला जाते, आणि त्याचा चुरा तेलात उतरून बाकीचं इंजिन खाते."

काळा निवडला. म्हातारा म्हणाला, "ले जाओ उस्ताद, बंब के लिए है ना? भगवान का काम है."

भगवानाचं काम आमच्या मॅनेजरांना मान्य नव्हतं. "कबाड़ का माल सरकारी गाड़ी में? मुझे जवाब देना पड़ेगा." नियमानं त्यांचंही चूक नव्हतं. निविदा निघाली, एका पुरवठादारानं मापावरून घडवलेला नवा कोरा कॅमशाफ्ट मेणकागदात गुंडाळून आला. मापं बरोबर. भाऊंनी कानस लावली. रुतली.

त्यांनी कागद मागून घेतला आणि वर्कशॉपच्या ओट्यावर बसून हिंदीत चार ओळी लिहिल्या. माल नरम आहे, बसवू नये, बसवल्यास इंजिन बंद पडेल. खाली सही. कागद माझ्या हातात दिला. "नीट ठेव बे. फाइलीत लाव."

मी तो मॅनेजरांना दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला. "अभी फाइल में मत लगाइए," एवढंच म्हणाले आणि माल तपासून घेतल्याचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यांनी दमदाटी केली असती तर आज सांगायला मला बरं पडलं असतं. त्यांनी काहीच केलं नाही. पंखा फिरत होता, बाहेर जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, आणि मला भूक लागली होती. मी सही केली. भाऊंचा कागद खणात टाकला.

भाऊ दोन दिवस त्या दांड्याला शिवले नाहीत. पण एप्रिल लागला होता, बंब उघडा पडला होता, आणि कॉलनीच्या भिंतीपलीकडे सगळ्या झोपड्या ताडपत्रीच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो बसवला. जितका चांगला बसवता येईल तितका चांगला. त्यानंतर बंब कुठंही निघाला की ते हातातलं काम टाकून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसत. कोणी विचारलं तर म्हणत, "माझा भरोसा नाही त्याच्यावर."

पुढच्या वर्षी, मे महिन्यातल्या भर दुपारी, भिंतीपलीकडे आग लागली. बंब निघाला, भाऊ पुढे बसलेले. झोपड्या समोर दिसत असताना चढावर इंजिन कर्रकन आवाज करून थांबलं ते थांबलंच. टाकी पाण्यानं काठोकाठ भरलेली, पण पंप चालायचा इंजिनावर. मी धावत पोचलो तेव्हा भाऊंनी टाकीच्या तळाचा नळ उघडला होता आणि मिळेल त्या बादलीत, डब्यात, तसराळ्यात पाणी भरून लोकांना देत होते. गळ्याच्या शिरा ताणून "दौडो, दौडो" ओरडत होते. इतकं पाणी, आणि ते बादली-बादलीनं आगीकडे चाललेलं.

सात झोपड्या गेल्या. आमच्या रस्त्यावर इस्त्रीची हातगाडी लावणाऱ्या बाईची सासू अंथरुणाला खिळलेली होती. तिला कोणी काढू शकलं नाही.

इंजिन उघडल्यावर तळाच्या तेलात लोखंडाचा चुरा सापडला, चमकी मिसळल्यासारखा. तिघांची चौकशी समिती बसली; मॅनेजरांना आणि मलाही बोलावलं होतं. भाऊंना विचारलं, "फिटिंग कोणाची?"

"माझी."

"माल खराब वाटला होता तर लेखी का दिलं नाही?"

"दिलं होतं. स्टोअरमध्ये."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होते. मी म्हणालो, "जबानी कुछ कहा था। लिखित में... मुझे याद नहीं।" माझी हिंदी तोवर पुष्कळ सुधारली होती.

भाऊ माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ओरडतील, मनगट धरतील. ते परत समितीकडे वळून म्हणाले, "रहने दो साहब। लिख लो, फिटिंग मेरी थी।"

तो कागद मी त्याच संध्याकाळी फाडला.

निष्काळजीपणाचा ठपका ठेवून भाऊंची वेतनवाढ थांबवली आणि त्यांना भंगार यार्डात टाकलं. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी समोरासमोर आलो. मी म्हणालो, "भाऊ, मी..."

"बोला साहेब," ते म्हणाले.

एवढंच. त्यानंतरची तीन वर्षं मी साहेब होतो. आवाजात राग नसे, टोमणा नसे. "या साहेब. बसा साहेब." गणपतीत आरतीला शेजारी उभे राहिले तरी "साहेब, जरा सरकता का?" बायको एकदा म्हणाली, "भाऊ तुम्हाला अहो-जाहो का करायला लागले?" मी म्हणालो, मला बढती मिळाली म्हणून. बढती खरंच मिळाली होती.

भाऊ निवृत्त झाले तेव्हा कोणी निरोपसमारंभ केला नाही. नागपूरच्या गाडीनं गेले, मला चार दिवसांनी कळलं.

मी त्यांच्या गावी गेलो तो माझ्या निवृत्तीनंतर, फार उशिरा. ते आदल्या वर्षी वारले होते. त्यांची मुलगी भेटली, शाळेत शिक्षिका, वडिलांसारखीच रुंद पंजांची. ओसरीवर खुर्ची टाकून चहा दिला. "बाबांसोबत होते का तुम्ही भोपाळले? ते कधी तिथलं बोलतच नव्हते. चौकशी झाली, चूक निघाली, एवढंच आईकडून माहीत. काय झालं होतं जी?"

मी तिला सगळं सांगितलं. करोंद, कानस, त्या चार ओळी, खण, माझी सही, माझं वाक्य. माझं सांगून झालं तेव्हा चहावर साय धरली होती.

तिनं वाकून माझ्या हातातला कप काढून घेतला आणि आत गेली. दार उघडंच होतं. आतून भांडं विसळल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी पुष्कळ वेळ बसून राहिलो. कोणी बाहेर आलं नाही. मग मी चपला घातल्या.