इंजिनपाशी बांधलेला मासा

ओक-बूनच्या जिभेला हाड नव्हतं. नवरा होता तोवर ती जीभ त्याच्यावर चालायची, तो गेल्यावर ट्रकवर चालू लागली. मालकाच्या हाताखाली कसा सुतासारखा सरळ होतास, आता काय धाड भरली, असं ती रोज पहाटे स्टेअरिंगला सुनवायची. ट्रक नुसता कण्हत राहायचा.

ट्रक म्हणजे तिचं दुकान. टोफू, खारवलेले बांगडे, समुद्री शेवाळ, टॉर्चचे सेल, रबरी बूट असं सगळं लादून नवरा-बायको डोंगरातल्या वाड्यांवर फिरायची. तिथं आता म्हाताऱ्याच उरल्या आहेत. बस बंद पडली, पोरं शहरात गेली, तेव्हा सकाळी ट्रक आला तर चूल, नाहीतर कालचंच शिळं. आणि नवरा गेल्यापासून ट्रक वेळेवर निघत नव्हता. किल्ली अर्धी फिरवायची, डुकराच्या शेपटीसारखा वेटोळा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मग इंजिन सुरू करायचं, एवढं तर शेंबडं पोरही जाणतं. ती थांबायची. तरी इंजिन घरघरत राही, बॅटरी बसत येई, आणि शेवटी पांढऱ्या धुराचा लोट सोडून ते एकदाचं सुरू होई. दुपारी मात्र तेच इंजिन एका झटक्यात चालू.

सोल शहरातला मुलगा फोनवर एकच टुमणं लावून होता: ट्रक भंगारात काढ आणि इकडं ये. त्याचा फ्लॅट तिनं पाहिला होता. किमचीच्या लोणच्याचे रांजण ठेवायला तिथं जागा नव्हती, आणि तिचं बोलणं ऐकून घ्यायला माणूस नव्हतं. ट्रक गेला की त्या खोलीत दाराकडं बघत बसायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

नवरा, दोक-मान, गेला तोही ट्रकपाशीच. इंजिन सीटखाली असतं. कडाक्याच्या थंडीतल्या एका पहाटे तो उचललेल्या सीटपाशी ओणवा सापडला, हाताला डिझेलचा वास. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. तो रोजच तिच्याआधी अर्धा तास उठून बाहेर जायचा. इंजिन गरम करतो म्हणायचा. “इंजिन कसलं, सिगरेट गरम करतोस,” असं ती पांघरुणातूनच हाणायची, आणि तो हसून दार ओढून घ्यायचा.

शेवटी तिनं घाटाखालच्या ग्वी-दोंगला बोलावलं. हा मेकॅनिक दोक-मानला दादा म्हणायचा. दुरुस्त होणार नसेल तर गोड बोलू नका, सरळ सांगा, म्हणजे उद्याच विकते, असं तिनं त्याला दारातच बजावलं.

ग्वी-दोंग घाई करणारा नव्हता. बॅटरी तपासली, ठणठणीत निघाली. इंजिन तापवणारे प्लग काढून पाहिले, तेही लाल होत होते. मग सकाळी अडतो आणि दुपारी अडत नाही, म्हणजे रात्री उभ्या-उभ्या काहीतरी होतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. डिझेलच्या नळीत त्यानं मध्येच पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि तिला किल्ली फिरवायला सांगितलं. नळीतून बुडबुडे धावले. कुठंतरी हवा शिरते, त्यानं समजावलं. बाहेर थेंबही गळत नाही, पण रात्रभरात डिझेल टाकीत परत उतरतं. सकाळी फिल्टरवरचा हातपंप दाबदाबून ते वर आणलं, तरच इंजिन चटकन लागतं.

त्या पंपाच्या रबराकडं तो बघत राहिला. अंगठ्यानं झिजून ते गुळगुळीत झालं होतं.

मग त्यानं नळी चाचपत नेली आणि हात थांबला. नळीला, दृष्ट लागू नये म्हणून गाडीला बांधतात तो सुकवलेला पोलॅक मासा बांधला होता, पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला. ओक-बूननंच बांधला होता. मागं घाटात बर्फावरून ट्रक घसरला, दोक-मान थोडक्यात वाचला, तेव्हा तिनं चाकांवर तांदळाची दारू ओतून ट्रकची नव्यानं पूजा केली होती. नुसत्या दोऱ्यावर भरवसा नको म्हणून वर तारेचे वेढे आवळले होते. आणि त्याला शपथ घातली होती, हा इथं आहे तोवर तुला काही होणार नाही, चुकूनसुद्धा हात लावायचा नाही.

तार रबरात रुतली होती, हवा तिथूनच शिरत होती. तारेच्या दोन्ही अंगांना काळी टेप होती, थरावर थर, काही थर जुने, काही नवे. फक्त तार आणि दोरा तेवढा मोकळा सोडलेला.

“ही टेप दादांनीच लावलेली,” ग्वी-दोंग बोलून गेला. “तार काढून नळी बदलली असती तर...”

ओक-बूननं टेपच्या थरांवरून बोट फिरवलं.

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“थंडीनं गेले, वहिनी. माणसाचं हृदय आहे, कधीही—”

“मला शिकवू नका भावोजी. मी बांधलं, आणि ते माझ्यापायी रोज थंडीत पंप मारत बसले. वर सिगरेटचे टोमणे ऐकले.”

तिनं पक्कड मागून घेतली. तार तिनंच तोडली, दोरा सोडवला आणि मासा पदराआड लपवावा तसा कोटाच्या आत धरला. ग्वी-दोंगनं नवी नळी बसवली. ट्रक झटक्यात सुरू झाला. थोडं तरी अडायचं होतंस मेल्या, असं तिला वाटलं, पण ती बोलली नाही. मुलाला त्याच संध्याकाळी कळवलं की येत नाही, ट्रक चालतोय.

दुसऱ्या दिवशी तिला सवयीपेक्षा अर्धा तास लवकर जाग आली. ती बाहेर गेली. दिवा विझला, किल्ली फिरली, इंजिन लागलं. अजून उजाडायचं होतं, वाड्या झोपलेल्या होत्या. हाती अर्धा तास उरला होता, आणि त्याचं काय करायचं ते तिला कळेना.