नामाच्या मांडवाच्या मेढी

सिद्धगडाखालच्या वाडीत रीतच होती. मांडवाच्या मेढी, म्हणजे खांब, जंगलातल्या सागाच्या, आणि जंगल खात्याचा गार्ड चौकशीला आला की एकानं पुढं होऊन म्हणायचं, "मी तोडल्या." पाळीपाळीनं; ज्याची पाळी, त्याला लग्नघरचा पहिला चहा. एकदा स्वतःवर घेतलं की मागं फिरायचं नाही, दुसऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. नामा-रुपाच्या लग्नाला पाळी कमळूची आली. तो कोठडीत राहून आला, पुढं कोर्टानं निर्दोष सोडला. वाडीच्या लेखी विषय मिटला.

बऱ्याच वर्षांनी कमळू मुरबाडच्या कारखान्यात बादल्या रचायला लागला, तेव्हा ऑफिसातल्या कुणाली मॅडमनी विचारलं, "पोलीस केस वगैरे?"

"होती एक. सुटलो."

पोलिसांचा दाखला आणून दिला. तो फायलीत गेला आणि कमळू कामाला. नामा तिथंच गेटवर वॉचमन होता.

मग गोदामातली तांब्याची वायर चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी कमळू पाणी प्यायला गेला, तर सोबत काम करणाऱ्या मीनानं कूलरवरचा मोबाईल उचलून ओढणीत घेतला. शेखर ओरडला, "पाकिटं सांभाळा रे, सागवान आला!" सगळे हसले. काही न कळून कमळूही हसला. मग शेखरनं मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. कंपनीच्या ग्रुपवर त्याच्याच दाखल्याचा फोटो होता. वर मॅडमनी लिहिलं होतं, 'सावध राहा.' 'निर्दोष' लिहिलेली खालची ओळ फोटोत आलीच नव्हती.

कमळू तडक ऑफिसात गेला.

"मॅडम, कागद तुमाला दिला व्हता. सगल्यांना का दाखवला?"

"लपवण्यासारखं काही नाही ना? मग एवढं काय झोंबलं?"

"लपवलं असतं तर दिला असता का? खालची ओळ तरी टाका."

"तू मला शिकवणार? नामा तुझ्याच वाडीचा ना? बोलवा त्याला."

नामा टोपी काढून उभा राहिला. कमळूनं त्याच्याकडं पाहिलं. रीतीमुळं त्याला स्वतःला बोलता येत नव्हतं, नामाला येत होतं. 'माझ्या मांडवासाठी' एवढंच म्हणायचं होतं.

"काय रे, कसा माणूस आहे हा?"

नामानं टोपी चुरगाळली. "आमच्याकडं तोडतात मॅडम काही लोक. मी त्यात नसतो."

"ऐकलंस? उद्यापासून येऊ नको."

गेटवर शिफ्ट सुटलेली. सगळ्यांदेखत नामानं कमळूची पिशवी उलटी केली, डबा उघडला, भाकरीची घडीसुद्धा उकलून पाहिली.

"हात वर करा."

"नामा, मला अहो-जाहो?"

"ड्युटी हाय रे दादा," तो पुटपुटला. मग मोठ्यानं, "वर करा!"

कमळूनं हात वर केले.

वायर पुढं ठेकेदाराच्या टेम्पोत सापडली. त्याचा मेसेज ग्रुपवर कुणी टाकला नाही.

नामाच्या पोरीचं, रविनाचं लग्न ठरलं. मेढींचं बोलायला वाडी त्याच्या अंगणात बसली.

"पाळी कोणाची?" सुदामनं विचारलं.

नामानं घसा खाकरला. "कमळूदादाच्या नावावर हायच एक केस. नोकरीपण नाय आता. त्याचं अजून काय जानार हाय?"

"तुझ्या तोंडात किडे पडोत, नामा!" कमळूची बायको जनी उठून गेली. बाकीचे कमळूकडं बघायला लागले.

रुपा चहा घेऊन आली. पहिला कप तिनं कमळूच्या हातात दिला.