अर्थिंगची तार

सदरमधल्या आमच्या सुतारखान्याचा वायरमन कामाआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. "भरोसा कोणाचाच नाही गा," म्हणायचा. लाकडाचा भुसा ओढणारं जुनं यंत्र आम्ही घेतलं, तेही त्यानंच जोडलं. सुरू होताच म्हाताऱ्या मिस्त्रींचा हात यंत्राच्या पत्र्याला लागला आणि ते विजेच्या झटक्यानं मागे पडले. थोडक्यात वाचले. सगळे जुन्या यंत्रालाच शिव्या देऊ लागले.

तो मान खाली घालून म्हणाला, "मशीनले काहून बोलता? अर्थिंगची तार मीच लावाले विसरलो."

त्यानं तार जोडली, टेस्टर लावून पाहिला, मग पत्र्यावर आपला तळवा ठेवून मला स्विच दाबायला सांगितलं. काही झालं नाही, तरी हात काढेना. शेवटी मिस्त्रींनीच त्याला पाणी आणून दिलं. पेला त्यानं दोन्ही हातांनी घेतला, पण वर पाहिलं नाही.