चुकलं माझं

मांद्र्याचे एक गेस्टहाउसवाले म्हापशाला माझ्याकडे समुपदेशनासाठी यायचे. ताठ बसून, पाहुण्यांनी केलेलं स्वतःचं कौतुक तासभर ऐकवायचे. एकदा ते बोलत असताना माझी नजर घड्याळाकडे गेली. ते तडक उठून निघून गेले.

पुढच्या आठवड्यात मात्र आले. मीच आधी म्हटलं, "त्या दिवशी तुम्हांला लागलं. चुकलं माझं."

बराच वेळ ते बोटातली अंगठी फिरवत राहिले. मग हळूच विचारलं, "असां म्हणताना तुमका ल्हान झाल्यासारखां वाटूक नाय?"

"वाटलं थोडं," मी म्हणाले.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या बायलेक माझ्या तोंडातसून ह्यां कधीच ऐकूक मेळूक नाय."

इतक्या महिन्यांत बायकोचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला होता.